न दिसणाऱ्या उजेडाचा पेन

विज्ञान विभाग, इयत्ता सातवी



सातवीच्या वर्गात काळ्या फळ्याशेजारी एक पांढरा फळा आहे, तो आपण पाहिलाच असेल. छताला टांगलेला प्रोजेक्टर त्यावर संगणकातले चित्र टाकतो. एका खास पेनाने त्या चित्रावर लिहिता येते, आकृती सरकवता येते, प्रश्नाचे उत्तर निवडता येते. या पेनात शाई नाही. फळ्यावर डाग पडत नाही. तरी रेघ उमटते.

फळ्याबरोबर असा एकच पेन आला होता. दिवाळीच्या सुट्टीआधी त्याचे टोक आत गेले ते बाहेर आलेच नाही. नवा मागवायचा तर हजारावर रुपये आणि वाट बघायची ती वेगळीच. मधल्या दिवसांत फळा चालू होता, पण नुसता बघण्यापुरता. गुरुजी टेबलापाशी बसून माउसने चित्रे पुढे ढकलायचे आणि आम्ही सिनेमा बघितल्यासारखे बसायचो. फळ्यापाशी जाऊन आपले उत्तर आपल्या हाताने मांडायची पाळी कुणाचीच येईना. मागच्या ओळीचे तर विचारूच नका.

मग गुरुजींच्या मदतीने आम्ही तसा पेन हाताने करायचा ठरवला, आणि तो झाला. एकाचे तीन झाले. एका पेनाला चाळीस रुपयांच्या आसपास खर्च आला. तो कसा करायचा ते पुढे सांगतो. पण तो का चालतो ते आधी बघू. का चालतो हे कळले नाही तर उद्या बंद पडल्यावर दुरुस्त कसा करणार?

बघणाऱ्याला वाटते की फळ्याच्या आत काही यंत्र असेल. आमच्या फळ्यात काहीही नाही, तो नुसता गुळगुळीत पांढरा पत्रा आहे. खरे काम करतो तो प्रोजेक्टरजवळ बसवलेला लहानसा कॅमेरा. त्याच्या डोळ्यावर काळसर काच आहे. ती आपल्याला दिसणारा उजेड अडवते आणि न दिसणारा तेवढा आत सोडते. म्हणून या कॅमेऱ्याला फळा दिसत नाही, फळ्यावरचे चित्र दिसत नाही, आपण दिसत नाही. त्याच्यापुढे सगळा अंधार. त्या अंधारात पेनाचे टोक पेटले की त्याला एक ठिपका दिसतो. तो ठिपका कुठे आहे हे कॅमेरा संगणकाला सांगतो. संगणक माउसचा बाण तिथे नेऊन ठेवतो. पेन फिरला की ठिपका फिरतो, ठिपका फिरला की बाण फिरतो, आणि बाणामागे रेघ येते. संपले!

हा न दिसणारा उजेड म्हणजे अवरक्त किरण. यांनाच इन्फ्रारेड म्हणतात. इंद्रधनुष्यात तांबड्या रंगापाशी आपली नजर थांबते, पण उजेड तिथे थांबत नाही. इंग्लंडमध्ये राहणारे खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्षेल यांनी हे १८०० साली दाखवून दिले. युरेनस ग्रहाचा शोध १७८१ साली लावला तेच हे हर्षेल. त्यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडला आणि वेगवेगळ्या रंगांत तापमापक ठेवले. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, तिथेही तापमापकाचा पारा चढला. म्हणजे तिथे काहीतरी पोचत होते. आपल्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या लहरी दिसतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आमच्या पेनाच्या लहरी ९४० नॅनोमीटरच्या आहेत. घरातल्या टीव्हीच्या रिमोटच्याही बहुधा तेवढ्याच. म्हणजे ही वस्तू रोज आपल्या हातात असते, फक्त ओळख नसते.

या पेनाची कल्पना आमची नाही. २००६ साली निन्टेंडो या जपानी कंपनीने वी नावाचा खेळ बाजारात आणला. त्यात टीव्हीपाशी अवरक्त दिव्यांची एक पट्टी ठेवतात. खेळणाऱ्याच्या हातातल्या रिमोटच्या नाकाशी कॅमेरा असतो. दिवे स्थिर, कॅमेरा हलता. अमेरिकेत पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात जॉनी चुंग ली हे तेव्हा डॉक्टरेटचा अभ्यास करत होते. त्यांनी हा प्रकार उलटा केला. कॅमेरा एका जागी बसवला आणि दिवा हातात घेतला. एक अवरक्त दिवा, एक सेल आणि एक बटन, झाला पेन. हजारो डॉलरला मिळणाऱ्या फळ्याचे काम चाळीस-पन्नास डॉलरमध्ये होऊ लागले, आणि त्यातलेही बहुतेक पैसे त्या रिमोटचे. डिसेंबर २००७ मध्ये त्यांनी हे करून दाखवणारी चित्रफीत सर्वांसाठी ठेवली आणि त्यासाठी लागणारी संगणकाची आज्ञावली फुकट दिली. मला स्वतःला त्यांची हुशारी पेनापेक्षा या उलटे करण्यात जास्त वाटते. दिवा तोच, कॅमेरा तोच. नवीन विकत काय घेतले? जवळजवळ काहीच नाही.

त्या रिमोटचा कॅमेरा एका वेळी चार ठिपके ओळखतो आणि त्यांच्या जागा आडव्या १०२४ व उभ्या ७६८ घरांच्या जाळीत सांगतो, तेही सेकंदाला सुमारे शंभर वेळा. म्हणूनच हात भरभर चालला तरी रेघ मागे राहत नाही. तो खेळ आता जुना झाला आहे, पण वापरलेले रिमोट अजून मिळतात. आमच्या शाळेत तो रिमोट नाही. आमच्याकडचा कॅमेरा दुसऱ्या बनावटीचा आहे, तत्त्व मात्र तेच.

इथे एक इशारा. प्रत्येक पांढऱ्या फळ्याला हा पेन चालत नाही. काही फळ्यांच्या आत तारांचे जाळे असते. त्यांच्या पेनात तारेचे वेटोळे असते आणि ते चुंबकीय पद्धतीने काम करतात. तिथे आमचा पेन घेऊन गेलात तर काहीही होणार नाही. काही ठिकाणी मोठ्या टीव्हीसारखे पडदे आले आहेत, त्यांच्यावर नुसते बोट चालते. तेव्हा तुमचा फळा कोणता ते आधी तपासा. उपाय सोपा. घरून टीव्हीचा रिमोट आणा, फळ्याजवळ धरा, त्याचे तोंड कॅमेऱ्याकडे करा आणि कोणतेही बटन दाबून ठेवा. पडद्यावरचा बाण दचकला, इकडेतिकडे उडाला, तर तुमचा फळा बहुधा आमच्या जातीचा.

आता साहित्य. पाच मिलिमीटरचा एक अवरक्त एलईडी, ९४० नॅनोमीटरचा. तालुक्याच्या गावी रेडिओ-टीव्हीचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात दहा रुपयांच्या आत मिळतो. नाही मिळाला तर मोडक्या रिमोटच्या नाकातून काढून घ्यावा. आमचा दुसरा पेन तसाच झाला आहे. टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो तसला दीड व्होल्टचा बारीक सेल एक. घड्याळाचा सेल घेऊ नका, तो जाड असतो आणि नळीत अडकतो. दाबले की चालू, सोडले की बंद असे लहान बटन. फळ्यावर लिहायच्या मार्करची रिकामी नळी. वीतभर वायर. जुन्या बॅटरीतली किंवा रिमोटमधली एक स्प्रिंग, पत्र्याची एक टिकली आणि संपलेल्या बॉलपेनची रिफिल. रिफिल कशाला ते पुढे कळेल.

मार्करचे टोक पकडीने ओढून काढा. आतला शाईचा बोळा काढा, नळी धुवून चांगली वाळवा. ओली नळी वापरू नये, आत गंज धरतो. एलईडी आतल्या बाजूने टोकाच्या भोकात बसवायचा. त्याच्या बुडाशी बारीक कडा असते, त्यामुळे तो बाहेर निसटत नाही. भोक लहान पडले तर मोठ्या माणसाकडून तापल्या खिळ्याने वाढवून घ्या.

एलईडीला दोन पाय असतात, एक लांब, एक आखूड. लांब पाय सेलच्या अधिक टोकाकडे, आखूड उणे टोकाकडे. पाय कापलेले असले तर बुडाची कडा बघा. जिथे ती सपाट घासल्यासारखी असेल ती बाजू उण्याची. विहिरीवरच्या मोटरचा फूटव्हॉल्व्ह तुम्हाला माहीत आहे. पाणी वर जाऊ देतो, खाली येऊ देत नाही. एलईडी हा विजेचा फूटव्हॉल्व्ह समजा. एका बाजूने वीज जाते, उलट बाजूने नाही. एका सेलवर तो उलटा जोडला तरी जळत नाही, नुसता पेटत नाही. तेव्हा घाबरू नका, फिरवून जोडा.

बटनाला बहुतेक वेळा चार पाय असतात आणि त्यातले दोन-दोन आतून जोडलेलेच असतात. चुकीचे दोन धरले तर पेन कायम चालू राहतो आणि सेल रात्रीत संपतो. समोरासमोरचे न धरता तिरके दोन पाय धरा, म्हणजे भानगडच नाही. नळीला टोकापासून तीन बोटे सोडून एक चौकोनी भोक पाडा, जिथे लिहिताना आपले पहिले बोट टेकते तिथे. बटन त्यात बसवा. कंपनीच्या पेनाचे बटन टोकातच होते, फळ्यावर टेकवले की दाबले जायचे. दिसायला छान, पण तेच आधी मोडले. आमचे बटन बाजूला आहे. यात एक अडचण आहे, ती लपवत नाही. लिहिताना बोटाने बटन दाबून ठेवावे लागते. पहिली-दुसरीच्या मुलांचे बोट मध्येच सुटते आणि 'क'चा अर्धा भागच येतो. सरावाने जमते.

जोडणी अशी. सेलचे अधिक टोक पुढे, पत्र्याच्या टिकलीला टेकलेले. टिकलीपासून वायर बटनाकडे, बटनापासून एलईडीच्या लांब पायाला. एलईडीच्या आखूड पायापासून दुसरी वायर नळीच्या कडेने मागे, मागच्या बुचातल्या स्प्रिंगला. बूच लावले की स्प्रिंग सेलच्या बुडावर दाबून बसते. सांधे डाख देऊन पक्के करावेत. आमचे डाख गावातल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांनी दिले आणि पैसे घेतले नाहीत. सेलला मात्र कधीही डाख देऊ नये, तापला तर फुटू शकतो. म्हणून तर स्प्रिंग आणि टिकली. एलईडीचे दोन पाय एकमेकांना चिकटू नयेत म्हणून रिफिलचे नखभर तुकडे कापून पायांत ओवले. जुन्या इअरफोनची वायर वापरणार असाल तर तिच्या तारांवर रंगासारखा लेप असतो. तो पात्याने खरवडल्याशिवाय वीज जात नाही.

सेल एकच का, असे पुष्कळ जण विचारतात. अवरक्त एलईडीला साधारण १.३ व्होल्ट पुरतात. सेल दीड व्होल्टचा. हिशेब जवळजवळ जुळतो, मध्ये काही लागत नाही. लाल एलईडीला दोनच्या आसपास आणि पांढऱ्याला तीनच्या आसपास व्होल्ट लागतात, ते एका सेलवर नीट पेटत नाहीत. म्हणून जोडणी तपासायला साधा एलईडी लावून 'सेल खराब आहे' असे म्हणू नका. जास्त उजेडासाठी दोन सेल घ्यायचे असतील तर मध्ये रोधक हवा. दोन सेलचे ३ व्होल्ट, त्यातून १.३ वजा, उरले १.७. हे २२ ओहमने भागले की येतात ०.०७७ अँपिअर, म्हणजे ७७ मिलिअँपिअर. चांगल्या एलईडीला १०० पर्यंत चालते. २२ ओहमच्या रोधकावर लाल, लाल, काळा असे पट्टे असतात. एका मुलाने रोधक न लावता नऊ व्होल्टची बॅटरी लावली. जास्त व्होल्ट, जास्त उजेड, असा त्याचा हिशेब. एलईडी त्याच क्षणी गेला, आणि उजेड मुळात दिसतच नसल्याने तो गेला हे बराच वेळ कुणाला कळलेही नाही!

शाळा पाहायला आलेल्या एका आजोबांनी नेमके हेच विचारले. "अरे पोरांनो, उजेडच दिसत नाही, मग हा चालू का बंद ते कसं ओळखायचं?" प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर त्यांच्याच खिशात होते. मोबाइलचा कॅमेरा उघडून पेनाचे टोक त्याच्यासमोर धरले आणि बटन दाबले. पडद्यावर जांभळट पांढरा ठिपका लागला. आजोबांनी मोबाइल बाजूला करून पेनाकडे पाहिले तर काही नाही, परत मोबाइलमधून पाहिले तर ठिपका. असे त्यांनी चार-पाच वेळा केले. मोबाइलच्या कॅमेऱ्याला हे किरण थोडेफार दिसतात. मागच्या कॅमेऱ्यात ते अडवायची काच बहुधा चांगली असते, म्हणून तिथे ठिपका नाही आला तर पुढचा कॅमेरा वापरून बघा. गुरुजींच्या मोबाइलमध्ये तसेच झाले, मागच्यात काही नाही, पुढच्यात लख्ख.

ज्यांच्याकडे संगणकाला लावायचा जुना वेबकॅम पडून आहे त्यांना आणखी एक प्रयोग करता येईल. त्याच्या भिंगामागची अवरक्त अडवणारी काच काढायची आणि पुढे धुतलेल्या जुन्या रंगीत फिल्मचा पूर्ण काळा पडलेला तुकडा लावायचा. फिल्म दिसणारा उजेड अडवते, अवरक्त जाऊ देते. आम्ही हा अजून केलेला नाही, मोठ्या सुट्टीत करणार आहोत.

पेन तयार झाला म्हणून लगेच लिहिता येत नाही. आधी संगणकाला फळ्याची मोजणी करून द्यावी लागते. पडद्यावर एकेका कोपऱ्यात खूण येते, तिच्यावर पेन टेकवून बटन दाबायचे, असे चार वेळा. चारच का? कॅमेरा बाजूला किंवा वर बसवलेला असतो, त्यामुळे त्याला आपला काटकोनी फळा वाकडा दिसतो, एक बाजू मोठी, एक लहान. शेताची मोजणी करताना कोपऱ्यांवर खुणा करतात ना, तसेच हे. चार कोपरे कळले की मधली कोणतीही जागा गणिताने काढता येते. एकदा मोजणी झाल्यावर कॅमेऱ्याला किंवा प्रोजेक्टरला कुणाचा धक्का लागला तर रेघ पेनापासून वीतभर लांब उमटू लागते. पेन बिघडला म्हणून बोंब मारू नका, परत चार कोपरे दाखवा.

वी रिमोट वापरणाऱ्यांसाठी अंतराचा हिशेब. त्याची नजर आडवी सुमारे ४५ अंशांची आहे. चित्र दीड मीटर रुंद असेल तर रिमोट पावणेदोन ते दोन मीटर लांब हवा, तिरका ठेवला तर आणखी थोडा मागे.

बाकी त्रास मुख्यतः तीन. पहिला, आपणच मध्ये येणे. पाठ कॅमेऱ्याकडे आणि पेन पोटाशी धरला तर ठिपका झाकला जातो. डावखुऱ्या मुलांना हा त्रास जास्त होतो, कारण आमचा कॅमेरा उजव्या बाजूला आहे. त्यांनी फळ्याच्या डाव्या अंगाला उभे राहून हात लांब करून लिहावे. दुसरा, एलईडीचा झोत अरुंद असतो. पेन कॅमेऱ्याकडे वळलेला नसला की रेघ तुटते. यावर आम्ही एलईडीचे गोल डोके बारीक पॉलिशपेपरने हलके घासून धुरकट केले. मग उजेड सगळीकडे पसरतो. जोर कमी होतो, पण रेघ तुटत नाही. तिसरा, ऊन. उन्हात अवरक्त किरण भरपूर असतात. दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन फळ्यावर आले की कॅमेऱ्याला पेन आणि ऊन यांतला फरक कळत नाही. तिथे आता गोणपाटाचा पडदा लावला आहे. जुना पिवळा बल्ब आणि दिव्याची ज्योत यांचेही तसेच. वीचा खेळ खेळणारे लोक दिव्यांची पट्टी नसली तर टीव्हीपाशी दोन मेणबत्त्या लावून काम भागवतात, ते याच कारणाने. आमच्याकडे सरस्वतीपूजनाच्या दिवशी समई फळ्याशेजारी ठेवली होती आणि बाण सारखा समईकडे ओढ घेत होता. मुले म्हणाली देवीची कृपा. समई हलवली, बाण गप्प.

पालकांसाठी दोन गोष्टी. हा उजेड दिसत नाही, त्यामुळे डोळ्याची बाहुली आकसत नाही आणि पापणीही मिटत नाही. साध्या दिव्याकडे बघून आपण आपोआप डोळे मिटतो, तसे इथे होत नाही. पेन लहान शक्तीचा आहे, तरी टोक डोळ्यापाशी नेऊन बटन दाबायचे नाही, दुसऱ्याच्या डोळ्यावरही धरायचे नाही. आणि हा पेन फक्त सेलवर चालवायचा. भिंतीतल्या विजेशी त्याचा काही संबंध नाही, आणि जोडायचा प्रयत्नही कुणी करू नये.

तिन्ही पेन दाराजवळच्या खिळ्याला सुतळीने टांगले आहेत. शनिवारी शाळा सुटताना सेल काढून डबीत ठेवायचे काम हजेरी क्रमांकाप्रमाणे आहे. ज्याला फळ्यावर जायचे त्याने पेन घ्यावा, विचारायची गरज नाही. तिसऱ्या पेनाचे बटन जरा घट्ट आहे, ते पुढच्या आठवड्यात बदलणार आहोत. कुणाकडे मोडका रिमोट पडला असेल तर तो टाकून देऊ नका, आम्हाला आणून द्या. चौथीच्या वर्गाने दोन पेन मागितले आहेत आणि आमच्याकडे एलईडी एकच उरला आहे.